वार्तापत्राच्या चार पानांत न मावलेले

आमच्या विकृतिशास्त्र विभागाचे वार्तापत्र वर्षातून दोनदा निघते आणि त्याच्या चार पानांचे संपादन काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. या सहामाहीच्या अंकात नेहमीच्या बातम्या आहेत. निवासी डॉक्टरांनी मॅपकॉन या विकृतिशास्त्रज्ञांच्या राज्य परिषदेत मांडलेली पोस्टर्स, नव्याने आलेला स्लाइड स्कॅनर, रक्तकेंद्राची शिबिरे, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी सादर केलेले प्रबंध आणि एका ज्येष्ठ तंत्रज्ञांचा निरोप समारंभ, असा सगळा ऐवज छायाचित्रांसह व्यवस्थित बसला. मात्र हे संशोधन नेमके कशावर उभे राहते, ते सांगायला त्या चार पानांत कधीच जागा उरत नाही. जी जागा उरते ती सत्काराच्या छायाचित्रांना जाते आणि संपादक या नात्याने त्याबद्दल कोणाशी वाद घालण्याची माझी हिंमत होत नाही. म्हणून ते इथे लिहितो.

पॅथॉलॉजी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रेल्वे स्थानकाबाहेरची, सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला जायची लॅब येते. विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विभागात रक्ताची तपासणी असतेच, पण त्याखेरीज शस्त्रक्रियेत काढलेला प्रत्येक अवयव, बायोप्सीचा प्रत्येक तुकडा, गाठीतून सुईने काढलेल्या पेशी आणि पोटात किंवा छातीत साचलेले पाणीसुद्धा आमच्याकडे येते. नवी मुंबईतील आमच्या रुग्णालयात हे सगळे येण्याची दिशाही ठरलेली आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचे कामगार, तुर्भ्याच्या दगडखाणींच्या वस्त्यांतील कुटुंबे, उरण-पनवेलकडची आगरी-कोळी मंडळी आणि कर्जतच्या पलीकडून लोकलने येणारे रुग्ण, असा हा भूगोल आमच्या नोंदवहीत नावांच्या पुढे पत्त्याच्या रकान्यात दिसतो. विभागाच्या संशोधनाचे विषय बऱ्याच अंशी याच रकान्यातून ठरतात, आणि ते तसे ठरावेत असेच माझे मत आहे.

ऊतीचा तुकडा आमच्याकडे आल्यावर तो फॉर्मालिनमध्ये स्थिर होतो, म्हणजे कुजायचा थांबतो, त्यातील पाणी अल्कोहोलने काढले जाते, मग झायलिन, मग वितळलेले पॅराफिन, आणि शेवटी तो मेणाच्या छोट्या चौकोनी ठोकळ्यात बंदिस्त होतो. हाच ब्लॉक. सकाळी आमचे तंत्रज्ञ बर्फावर मांडलेले ब्लॉक एकेक करून मायक्रोटोमवर चढवतात आणि तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. हे काप एकमेकांना चिकटून फितीसारखे बाहेर येतात, ब्रशच्या टोकाने ती फीत कोमट पाण्याच्या पात्रावर सोडली जाते, सुरकुत्या आपोआप पसरतात आणि काचेच्या पट्टीवर ती अलगद उचलली जाते. त्यानंतर हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन ही रंगांची जोडी. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडातून मिळते, आणि शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी जगभरातील कर्करोगाचे निदान मुख्यत्वे याच जोडीवर चालते, याचे मला अजूनही नवल वाटते. स्लाइड झाली की ब्लॉक क्रमांकानुसार कपाटात जातो आणि खोली कोरडी, थंड राहिली तर तो वर्षानुवर्षे टिकतो. विभागातील सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती असे कोणी विचारले तर मी स्कॅनरकडे बोट दाखवणार नाही. ब्लॉकच्या कपाटांची चावी पुढे करीन. त्याचे कारण तोंडाच्या कर्करोगावरील आमच्या कामात चांगले दिसते.

तोंडाचा कर्करोग हा आमचा नित्याचा विषय आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले आहे. तरीही गालाच्या आतल्या अस्तराचे, जिभेच्या कडेचे आणि खालच्या हिरडीचे नमुने आमच्या ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना डोळ्यांनी तपासून त्यातले तुकडे निवडण्याच्या टेबलावर सतत येत असतात. या गाठींच्या बाबतीत २०१७ साली एक मोठा बदल प्रसिद्ध झाला. कर्करोगाच्या अवस्था ठरवून देणाऱ्या अमेरिकन जॉइंट कमिटीच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीत गाठीची अवस्था ठरवताना तिच्या लांबी-रुंदीच्या जोडीला ती किती खोल शिरली आहे, हेही धरले जाऊ लागले. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असेल पण खोली पाच मिलिमीटरच्या वर गेली असेल, तर ती पहिल्या टप्प्यात राहत नाही. खोलीला एवढे महत्त्व येण्यामागे मानेतल्या लसिकाग्रंथींचा प्रश्न आहे. सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णाच्या मानेची शस्त्रक्रिया पहिल्याच वेळी करावी की ग्रंथी वाढल्यावर करावी, या जुन्या वादावर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्याच वेळी मानेची शस्त्रक्रिया झालेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, तर वाट पाहिलेल्या गटात हेच प्रमाण ६७.५ टक्के होते. जगभराची उपचारपद्धती पक्की करणाऱ्या या अभ्यासासाठी रुग्ण परळला आले होते, हे आमच्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो.

आता ही खोली मोजायची कशी, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहू. गाठीच्या शेजारी अजून निरोगी असलेल्या अस्तराची तळपट्टी शोधायची, तिच्या पातळीवरून एक काल्पनिक आडवी रेषा गाठीवरून पलीकडे न्यायची, आणि त्या रेषेपासून काटकोनात, ओळंबा सोडल्यासारखे, गाठीच्या सर्वांत खोल पेशीपर्यंत अंतर मोजायचे. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात गाठीला व्रण पडलेला असेल तर वरचा पृष्ठभाग गायब असतो, आणि ती फुलकोबीसारखी वर वाढली असेल तर गाठीची जाडी आणि शिरकावाची खोली यांत चांगला फरक पडतो. त्यातच ग्रॉसिंग करणाऱ्याने काप गाठीच्या कडेवरून, निरोगी अस्तरासह घेतला नसेल, तर आधाराची रेषा कुठून काढावी हेच कळत नाही. जीभ तर शस्त्रक्रियेनंतर आकसतेच. ती पिन लावून पसरून न ठेवता तशीच बरणीत टाकली, तर कडेचे अंतरही कमी भरते. हे अंतर पाच मिलिमीटरच्या आत आले की शल्यविशारदाच्या कपाळावर आठी पडते आणि रुग्णाच्या वाट्याला कदाचित किरणोपचार येतात.

आमच्या एका निवासी डॉक्टरचा प्रबंध याच खोलीवर आहे. २०१७ पूर्वीच्या जुन्या अहवालांत खोलीची नोंद नाही, कारण तेव्हा ती कोणी मागितलीच नव्हती. पण ब्लॉक आहेत. ते कपाटातून काढून, नवे काप घेऊन, तीच मोजणी आज करता येते आणि त्या रुग्णांच्या मानेतल्या ग्रंथींच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहता येते. त्याचबरोबर गाठीच्या आक्रमक कडेला सुटे झालेले, पाचपेक्षा कमी पेशींचे लहान पुंजके तो मोजतो आहे. त्याला ट्यूमर बडिंग म्हणतात. निकाल इथे देणार नाही, कारण प्रबंध अजून परीक्षकांकडे जायचा आहे. सांगायचे आहे ते एवढेच, की ज्या काळी हा प्रश्न कोणाच्या मनात नव्हता त्या काळी कोणीतरी नीट ग्रॉसिंग केले, नीट क्रमांक टाकला आणि ब्लॉक जागच्या जागी ठेवला, म्हणून आज हा प्रबंध उभा आहे. काही जुन्या नमुन्यांत जबड्याचे हाड आम्लात फार काळ मऊ करत ठेवले गेले होते. त्यांच्या ब्लॉकवर साधी स्लाइड होते, पण डीएनएचे काम करायचे म्हटले तर तिथे हाती काहीच लागत नाही. हाड ईडीटीए या सौम्य रसायनात मऊ केले तर डीएनए बऱ्यापैकी वाचतो. फक्त त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ द्यायला कोणी तयार नसते.

ब्लॉकइतकाच महत्त्वाचा असतो त्याच्यासोबतचा कागद, म्हणजे रिक्विझिशन फॉर्म. याच अभ्यासात तंबाखूच्या सवयीचा रकाना तपासताना एक विचित्र गोष्ट दिसली. हिरडीच्या आणि ओठामागच्या गाठी असलेल्या बऱ्याच स्त्रियांच्या फॉर्मवर 'तंबाखू: नाही' असे लिहिलेले होते. आमच्या निवासी डॉक्टरने मग सध्याच्या रुग्णांना वॉर्डात जाऊन स्वतः विचारायला सुरुवात केली. उरणकडच्या एका आजींना त्याने विचारले, "आजी, तंबाखू खाता का?" आजींनी त्याला झिडकारले, "नाय रे बाबा, तंबाखू कोण खातंय?" आणि मग हातानेच दात घासल्याची खूण करून त्या म्हणाल्या, "सकाळची मशेरी लावते तेवढी." मशेरी म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखूच, पण कोकणपट्टीत आणि आगरी-कोळी गावांत ती दात घासण्याची गोष्ट समजली जाते. दिवसातून तीन-चार वेळा, एकेक वेळी बराच वेळ, बोट हिरडीवर फिरत असते. फॉर्मवरील प्रश्न शहरी माणसाने लिहिलेला होता आणि उत्तर प्रामाणिक होते. आता आमच्या फॉर्मवर मशेरी, सुपारी, गुटखा, मावा आणि विडी यांचे वेगवेगळे रकाने आहेत. मला विचाराल तर या वर्षातील विभागाचे सर्वांत उपयोगी संशोधन हेच. पण ते पोस्टरवर मांडण्याजोगे नाही.

फॉर्मबद्दल तक्रार करायला लागलो तर हा लेख संपणार नाही, म्हणून थोडक्यात आटोपतो. बाहेरून येणाऱ्या नमुन्यांसोबतच्या कागदावर वय नसते, नमुना उजव्या बाजूचा की डाव्या बाजूचा हे नसते, आणि 'क्लिनिकल डायग्नोसिस' या रकान्यात प्रश्नचिन्ह आणि पुढे 'सीए', म्हणजे कर्करोग, एवढीच दोन अक्षरे असतात. हाडाच्या गाठीचा तुकडा एक्स-रे न पाहता वाचणे धोक्याचे असते, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतात. तोच एक्स-रे मागवण्यासाठी आम्हाला तीन-तीन फोन करावे लागतात. फॉर्मालिनची गोष्टही तशीच आहे. ऊती स्थिर करण्यासाठी फॉर्मल्डिहाइड वापरता येते, हे जर्मनीत फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ मध्ये मांडले, आणि तेव्हापासून १० टक्के फॉर्मालिन, म्हणजे सुमारे ४ टक्के फॉर्मल्डिहाइड, हेच जगभर चालत आले आहे. नियम सोपा आहे: नमुन्याच्या दहापट फॉर्मालिन. लोणच्याच्या बरणीत खार फोडींच्या वर आला नाही तर वरच्या फोडी खराब होतात, हे घरोघरी ठाऊक असते. गर्भाशयाचा अख्खा नमुना मात्र तोंडाशी अडकेल अशा बरणीत, तळाशी बोटभर फॉर्मालिन घालून आमच्याकडे येतो. फॉर्मालिन ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर शिरते. जाड नमुना उघडून, काप देऊन ठेवला नाही तर मधला भाग तोवर कुजू लागतो, आणि मग त्यावर कितीही महागडी तपासणी केली तरी उत्तर चुकीचेच मिळण्याची भीती असते.

स्तनाच्या कर्करोगात हे अगदी थेट भोवते. गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राहक आहेत का आणि हर-२ हे प्रथिन वाढले आहे का, हे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने, म्हणजे ठरावीक प्रथिनांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनी काप रंगवून पाहतात, आणि त्यावर पुढच्या अनेक वर्षांचे औषध ठरते. एक टक्का पेशींनी रंग घेतला तरी इस्ट्रोजेन ग्राहक 'पॉझिटिव्ह' धरले जातात. हर-२ ला शून्यापासून तीनपर्यंत गुण देतात. दोन गुण आले तर निर्णय टांगणीला लागतो आणि जनुकाच्या प्रती मोजणारी फिश तपासणी करावी लागते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार गाठ शरीराबाहेर आल्यापासून एका तासाच्या आत फॉर्मालिनमध्ये जायला हवी आणि तिथे किमान ६ व कमाल ७२ तास राहायला हवी. यातले काहीच नोंदले जात नसेल तर 'निगेटिव्ह' आलेला अहवाल खरोखरच निगेटिव्ह आहे की ऊतीची हेळसांड झाल्यामुळे तसा आला, हे कोणीच सांगू शकत नाही. आम्ही फॉर्मवर दोन नव्या ओळी छापल्या: नमुना काढल्याची वेळ आणि फॉर्मालिनमध्ये टाकल्याची वेळ. सुरुवातीचे काही आठवडे या ओळी कोऱ्याच येत होत्या. शल्यचिकित्सा विभागाला पत्रे गेली, बैठक झाली, त्या बैठकीचे इतिवृत्तही झाले. शेवटी शस्त्रक्रियागृहातल्या एका मदतनीस मामांनी हे काम स्वतःकडे घेतले. ते बरणीच्या झाकणावर काळ्या मार्करने दोन्ही वेळा टाकतात, वर एक रेघ ओढतात आणि मगच बरणी ट्रॉलीवर ठेवतात. शनिवारी दुपारी काढलेली गाठ सोमवारी सकाळी ग्रॉसिंगला येते तेव्हा त्या झाकणावरूनच आम्ही तासांचा हिशेब करतो. मामांची सुट्टी असली की ओळी पुन्हा कोऱ्या येतात.

कपाटांतून बाहेर पडून रक्ताकडे वळलो तर तिथला विषय भूगोलाशी आणखी घट्ट बांधलेला आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांच्या कल्याणजवळच्या छावणीतून उल्हासनगर हे शहर उभे राहिले. सिंधी समाजात बीटा थॅलेसिमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक तुलनेने बरेच आढळतात, आणि त्यांच्यात ६१९ बेस-जोड्यांचा तुकडा गळालेला एक विशिष्ट दोष वारंवार सापडतो. वाहकाला स्वतःला काहीच त्रास नसतो; पण आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसिमिया मेजरने आजारी असण्याची शक्यता चारात एक असते, आणि अशा मुलाला आयुष्यभर रक्त द्यावे लागते. म्हणून गरोदर स्त्रीच्या पहिल्याच रक्ततपासणीत वाहक ओळखणे महत्त्वाचे ठरते. अडचण अशी की वाहकाच्या लाल पेशी लहान असतात आणि लोहाची कमतरता असलेल्या स्त्रीच्याही लहानच असतात.

दोघींना वेगळे करण्यासाठी १९७३ मध्ये मेंत्झर या डॉक्टरांनी एक सोपा भागाकार सुचवला. पेशीच्या सरासरी आकारमानाला दशलक्षांत मोजलेल्या लाल पेशींच्या संख्येने भागायचे. उत्तर १३ च्या खाली आले तर थॅलेसिमियाचा संशय, वर आले तर लोहाच्या कमतरतेचा. समजा दोन स्त्रियांच्या पेशींचे आकारमान ६५ आहे. एकीच्या लाल पेशी ५.८ दशलक्ष असतील तर उत्तर ११.२ येते, दुसरीच्या ४ दशलक्ष असतील तर १६ च्या वर जाते. कागदावर हे फार सुबक दिसते. मात्र आपल्याकडे वाहक असलेल्या स्त्रीलाच अनेकदा लोहाचीही कमतरता असते. त्यामुळे तिच्या लाल पेशींची संख्या उतरते आणि भागाकार लोहाच्या बाजूला झुकतो. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर हिमोग्लोबिन ए-२ हे ३.५ टक्क्यांच्या वर दिसले तर वाहक म्हणायचे. पण लोहाच्या कमतरतेत तेही थोडे खाली येते, आणि अहवालावर ३.४ असा आकडा पाहून काय लिहावे हा प्रश्न पडतो. आमच्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध या सीमेवरच्या आकड्यांवर आहे. अशा स्त्रियांना लोहाच्या गोळ्या देऊन, लोह भरून आल्यावर ए-२ पुन्हा मोजायचे आणि त्याच वेळी पतीचीही तपासणी करून घ्यायची, अशी तिची आखणी आहे. पतीला दिवसाचा रोज बुडवून रक्त द्यायला आणणे हा या अभ्यासातला सर्वांत कठीण भाग आहे, आणि पद्धतीच्या प्रकरणात त्याला जेमतेम एक वाक्य मिळते.

लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक आजारावरचे काम याच्याच शेजारचे. मुरबाड आणि शहापूर हे ठाणे जिल्ह्यातले आणि जव्हार-मोखाडा हे २०१४ मध्ये पालघर जिल्ह्यात गेलेले आदिवासी तालुके या आजाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले होते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करणे बंधनकारक झाल्यामुळे आमच्या मुलांना हे रुग्ण पुस्तकाबाहेर दिसू लागले आहेत. ते परत येतात तेव्हा स्लाइडवर कोयत्याच्या आकाराची पेशी दाखवून टाळ्या मिळवण्याची त्यांची हौस बरीच कमी झालेली असते, हा मला या नियमाचा सर्वांत मोठा फायदा वाटतो.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद नीलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींमध्ये १९५२ साली झाली. त्याच वर्षी केईएम रुग्णालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाची माहिती दिली, ज्याला आज जग 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखते. आणि त्याच वर्षी परळला डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. तेच पुढे टाटा स्मारक केंद्रात सामावले गेले आणि २००२ मध्ये खारघरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी ॲक्ट्रेक या नावाचे कर्करोग संशोधन केंद्र म्हणून आले. आमच्या रक्तकेंद्रात भेंड्यांचा शोध रोज उपयोगी पडतो. बॉम्बे गटाच्या व्यक्तीच्या लाल पेशींवर एच प्रतिजन नसते, म्हणून साध्या चाचणीत तिचा गट 'ओ' दिसतो. पण तिच्या रक्तद्रवात एचविरोधी प्रतिपिंडे असतात आणि तिला 'ओ' रक्त दिले तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून 'ओ' दिसलेल्या प्रत्येक नमुन्याचा रक्तद्रव 'ओ' पेशींशी ताडून पाहण्याची पायरी गाळायची नाही, ही शिस्त आम्ही पहिल्या दिवसापासून लावतो.

पावसाळ्याबद्दल दोनच वाक्ये. जुलै ते ऑक्टोबर या काळात विभागातील निम्मी माणसे मलेरियाच्या आणि डेंग्यूच्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबांत, बुडालेली असतात आणि संशोधन वगैरे शब्द कोणी उच्चारत नाही. तरीही यंत्राने प्लेटलेट वीस हजार दाखवल्या म्हणून घाबरून आलेल्या नातेवाइकांना, स्मिअरवर त्या रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेल्या ईडीटीएमुळे नुसत्या गुच्छ करून बसल्या आहेत आणि प्रत्यक्षात पुरेशा आहेत, असे सांगण्याचे समाधान याच दिवसांत मिळते.

आता स्कॅनर. काचेची स्लाइड चाळीसपट भिंगाखाली स्कॅन केली की एक पिक्सेल साधारण पाव मायक्रॉनचा होतो आणि एका स्लाइडची फाईल बऱ्याचदा एक जीबीच्या पुढे जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा प्रणालीवरून प्राथमिक निदान करायला पहिली परवानगी २०१७ मध्ये दिली. शिकवण्यासाठी हे यंत्र फार उत्तम आहे. दुर्मीळ गाठीची एकच स्लाइड वीस विद्यार्थी आपापल्या पडद्यावर एकाच वेळी पाहू शकतात, आणि मानेवरून डोकावण्याची पाळी येत नाही. मात्र स्कॅनर आल्यावर आमच्या तंत्रज्ञांवर सर्वांत जास्त ताण आला. जाड काप, घडी पडलेला काप, काचेखाली अडकलेला हवेचा बुडबुडा हे सगळे माणसाचा डोळा सवयीने ओलांडून जातो. यंत्र तिथेच अडते आणि त्या जागी चित्र धूसर येते. कृत्रिम बुद्धिमत्तेने गाठ ओळखण्याचे प्रस्ताव घेऊन येणाऱ्या अभियांत्रिकीच्या मंडळींना मी आधी मायक्रोटोमजवळ नेतो. रंगाचा आणि कापाचा दर्जा दर आठवड्याला बदलत असेल तर त्यांचा प्रोग्राम गाठ शिकण्याऐवजी आमच्या रंगाच्या बाटलीचा बॅच शिकेल, हे त्यांना तिथे उभे राहिल्यावर लवकर पटते.

प्रसिद्धीच्या बाबतीत माझे मत विभागात फारसे लोकप्रिय नाही. पदोन्नतीसाठी शोधनिबंध लागतात, विद्यार्थ्यांना परीक्षेला बसण्यासाठी परिषदेत काहीतरी मांडावे लागते, आणि पैसे घेऊन आठवड्यात छापणारी नियतकालिके रोज सकाळी ईमेलवर आदराने बोलावत असतात. 'एका दुर्मीळ रुग्णाचा अहवाल' हा प्रकार मला मुळात आवडतो, कारण नीट लिहिलेला एक रुग्ण पुष्कळ शिकवतो. पण तीच गाठ चौथ्यांदा 'दुर्मीळ' म्हणून छापली जाते तेव्हा ती तितकीशी दुर्मीळ राहिलेली नसते. प्रबंध पूर्ण झाल्यावर त्याची जाड बांधीव प्रत ग्रंथालयात जाते आणि पुढचा विद्यार्थी तोच विषय नव्याने निवडतो. या वर्षीपासून आम्ही प्रत्येक प्रबंधाचा मूळ तक्ता, रुग्णाची ओळख काढून टाकून आणि ब्लॉक क्रमांकासह, विभागाच्या संगणकावर जपून ठेवायला सुरुवात केली आहे. त्यासाठी एथिक्स कमिटीची वेगळी मंजुरी घेतली, कारण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत साठवलेल्या ऊतींच्या आणि माहितीच्या वापरावर स्वतंत्र विभाग आहे आणि उरलेला तुकडा म्हणजे मोकळी मालमत्ता नव्हे.

हे शेवटचे वाक्य कागदावर जितके सरळ आहे तितके खिडकीवर नसते. कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णांचे नातेवाईक आमच्या अहवालाच्या खिडकीवर येतात आणि म्हणतात, "टाटाला दाखवायचंय, ब्लॉक पाहिजेत." ते अगदी योग्य आहे. परळला किंवा खारघरला पुन्हा वाचन होते, काही वेळा पुढच्या तपासण्या तिथेच होतात, आणि त्यासाठी ब्लॉक लागतोच. पण गेलेला ब्लॉक क्वचितच परत येतो. जीभ आणि गालाच्या ज्या अभ्यासाबद्दल वर लिहिले, त्यात जुन्या कपाटांतल्या अनेक जागा याच कारणाने रिकाम्या सापडल्या, आणि रिकाम्या जागा बहुतेक पुढच्या अवस्थेतील रुग्णांच्या असल्यामुळे उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष सौम्य बाजूला झुकण्याची शक्यता राहते. यावर विभागाच्या मागच्या बैठकीत बराच वेळ चर्चा झाली. ठरले ते असे: ब्लॉक देण्यापूर्वी त्याची स्लाइड स्कॅन करून ठेवायची, गाठ एकाहून अधिक ब्लॉकमध्ये असेल तर एक ब्लॉक विभागात ठेवून बाकीचे द्यायचे, नोंदवहीत नातेवाइकाच्या सहीसोबत फोन क्रमांक आणि परतीच्या तारखेचा रकाना ठेवायचा, आणि दोन महिन्यांनी त्या क्रमांकावर आपणहून फोन करायचा. एका तरुण सहकाऱ्याने, लहान बायोप्सीचा एकच ब्लॉक असेल तर देण्याआधी त्यातून संशोधनासाठी दहा-बारा काप काढून ठेवावेत, असे सुचवले होते. ते मान्य झाले नाही. मिलिमीटरभर ऊतीत पुढच्या तपासण्यांपुरताच ऐवज असतो, तो पूर्ण रुग्णासोबत जाईल, असे इतिवृत्तात नोंदवून त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या.